सळईचं काय करायचं

इगरजेतून छापील पत्र आलं:
कबरीची मुदत संपली,
अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवाव्यात,
पावती ऑफिसात.
मोठी म्हणून मी गेले.
व्हिन्सी दुबईहून म्हणाला, फोटो नको पाठवू.

सकाळी साडेसात. तलावपाळीवरच्या गाड्या अजून झाकलेल्या.
सान्तूने फावडं टेकवलं, टोपी काढली.
कुणाचीही कबर असो, तो काढतो.
आधी काळी माती, मग लाकडाचा भुगा,
मग बापूस.

बोटांची हाडं चिंचोक्यांसारखी विखुरलेली,
आणि मांडीच्या हाडाला अजून धरून बसलेली
पोलादी सळई, चार स्क्रू,
वागळे इस्टेटच्या अपघातानंतर
सिव्हिलमध्ये घातलेली.
हाडाला चहाचा रंग चढला होता.
सळई मात्र सणाला घासून ठेवलेल्या चमच्यागत.
"हिचं काय करायचं?" सान्तूने विचारलं.
"भंगारात देतात लोक. काही जण ठेवतात."

सव्वीस वर्षं मी वेदीवरचं पितळ घासते,
आधी चिंचेनं, मग राखेनं, शेवटी जुन्या बनियननं.
त्यात एक काच आहे, रुपयाएवढी,
काचेमागे संताच्या हाडाची चिलपी,
तांदळाच्या कणीहून लहान,
लाल धाग्यानं बांधलेली, वर लाखेचा शिक्का,
लॅटिनमधलं नाव अर्धं उडालेलं.
फेस्ताला लोक रांगेनं ओठ टेकतात.
दर ओठांनंतर मी काच पुसते.

धर्मशिक्षणात आम्ही घोकले होते तीन दर्जे.
संताचं अंग, पहिला.
संतानं वापरलेलं, दुसरा.
अंगाला टेकवलेलं फडकं, तिसरा.
सळई कशात बसते, सिस्टर आग्नेस?
वीस वर्षं मांसात रुतलेली वस्तू
वापरलेली म्हणायची, की अंग?

आणि बापूस काही संत नव्हता.
उपवासकाळात शेजारी जाऊन मटण खायचा.
आयेवर एकदा पेला फेकला त्यानं,
भिंतीवरचा डाग रंग देईपर्यंत होता.
त्याच सळईच्या पायानं
कोळबाडच्या गल्लीत माझ्या सायकलमागे पळाला, लंगडत,
"सोडलं नाही गं, सोडलं नाही" ओरडत.
कधीच सोडलं होतं.

म्हणतात, सातशे वर्षांमागे याच ठाण्यात
चार परदेशी भिक्षू मारले गेले.
पुढे एक जण आला, त्यानं त्यांची हाडं गोळा केली,
उशाला घेऊन झोपला.
जहाज वाऱ्याविना समुद्रात अडकलं
तेव्हा त्यातलं एक हाड हळूच पाण्यात सोडलं
आणि शीड फुगलं.
उरलेली पार चीनला पोचली.
ठाण्याकडे राहिली ती माती,
तापावर लोक ती पाण्यात कालवून प्यायचे.
आता त्या मातीवर काय उभं आहे, कुणी सांगत नाही.
पार्किंग असेल.
मला मात्र नेहमी ते एकच हाड आठवतं,
वाऱ्याच्या बदल्यात दिलेलं.
चौघांतलं कुणाचं होतं?

पेटी कोनाडा क्रमांक एकशे चौदात गेली.
सान्तूने सिमेंट लिंपलं, टोपी घातली.
सळई मी छत्रीच्या पिशवीत घालून घरी आणली,
चिंच भिजत घातली, आणि तशीच बसून राहिले.
घासण्याजोगं काही नव्हतंच.

रात्री व्हिन्सीचा फोन.
सगळं नीट झालं? झालं.
पाऊस आहे का? नाही.
मग बराच वेळ काही नाही, नुसता त्याच्याकडचा एसी.
"एक स्क्रू मला पाठवशील?"

पाठवला. लाल धागा गुंडाळून, कापसात.
कुरिअरवाल्यानं फॉर्म पुढे सरकवला.
वस्तू: स्क्रू, जुना.
किंमत: तिथे मी रेघ ओढली.
अवशेष विकायचे नसतात, तेवढं घोकलेलं आठवत होतं.
"काहीतरी टाकावंच लागतं, मॅडम."
दहा रुपये, मी लिहिलं.